ओबाचं मस्तक कसं वाचावं

पितळेचं एक मस्तक डोळ्यांसमोर आणा. मान दिसत नाही, हनुवटीही दिसत नाही. पोवळ्याच्या मण्यांचे सर एकावर एक चढत थेट खालच्या ओठाला येऊन भिडलेत. डोक्यावर मण्यांचीच जाळीदार टोपी, तिच्यातून कानांवरून खाली सोडलेले सर. डोळे टपोरे, बाहुल्यांच्या जागी लोखंड बसवलेलं. आणि टाळूवर एक मोठं गोल भोक.

लंडन, बर्लिन, न्यूयॉर्क इथल्या संग्रहालयांत अशी मस्तकं काचेआड ठेवलेली असतात. पाटीवर राजाचं मस्तक, बेनिन आणि शतक, एवढंच. बघणारा ‘काय बारीक काम आहे!’ म्हणतो आणि पुढच्या काचेकडे वळतो. मला याची हळहळ वाटते, कारण हे मस्तक वाचता येतं. मण्यांची उंची, लोखंडाच्या बाहुल्या, ते भोक, धातूचा रंग, सगळ्याला अर्थ आहे आणि तो एकाच माणसाभोवती फिरतो: ओबा, म्हणजे एडो लोकांचा राजा. अक्षरओळख झाली की मस्तक बोलायला लागतं. एकच गोष्ट ते सांगत नाही. तिच्याकडे शेवटी येऊ.

आधी जागा नक्की करू. बेनिनचं जुनं राज्य आजच्या नायजेरियाच्या दक्षिणेला, नायजर नदीच्या पश्चिमेकडच्या जंगलपट्ट्यात होतं. त्याची राजधानी बेनिन सिटी आजही नांदती आहे आणि ती आता नायजेरियाच्या एडो नावाच्या घटकराज्यात येते. जवळच बेनिन नावाचा वेगळा देशही आहे. तो पूर्वीचा दाहोमे, १९७५ साली त्यानं हे नाव घेतलं. आपल्या विषयाशी त्याचा संबंध नाही, पण नकाशा उघडला की हमखास गोंधळ होतो.

ओबांची परंपरा एडो लोक इफे या योरुबा नगरीशी जोडतात. तिथला राजपुत्र ओरानमियान बेनिनला आला, त्याचा मुलगा एवेका हा पहिला ओबा झाला, असं परंपरा सांगते. पुढे ओबा ओगुओलानं इफेहून एक ओतारी मागवला. त्याचं नाव इगुएघा. बेनिनच्या ओताऱ्यांचा तो मूळ पुरुष. आजही बेनिन सिटीतल्या इगुन रस्त्यावर ओताऱ्यांचे कारखाने आहेत. या पेशाच्या संघाला इगुन एरोन्मवोन म्हणतात आणि राजाच्या हुकमाशिवाय पितळ ओतायचं नाही, असा त्यांचा जुना दंडक होता.

मेण, माती आणि आठवण

या कामाला जगभर ‘बेनिन ब्राँझ’ म्हणतात. ब्राँझ म्हणजे कांसं, तांबं आणि कथील यांचा मिश्रधातू. प्रत्यक्षात यातलं बहुतेक काम पितळेचं आहे, म्हणजे तांबं आणि जस्त. नाव रुळलंय, ते आता जाणार नाही. या लेखात मात्र मी पितळच म्हणणार आहे, कारण पितळेचा तांबूस पिवळा झळाळ इथे अर्थाचा भाग आहे.

ओतायची रीत आपल्या ओताऱ्यांना ओळखीची वाटेल अशी. मातीचा गाभा करायचा. त्यावर मेणाचा थर चढवायचा आणि नाक, डोळे, मण्यांचा एकेक सर, सगळं मेणात कोरायचं. वरून मातीचे लेप द्यायचे, आधी अगदी वस्त्रगाळ, मग जाडेभरडे. वाळलेली मूस तापवली की मेण वितळून वाहून जातं आणि त्याची पोकळी मागे राहते. त्या पोकळीत पितळेचा रस ओतायचा, थंड झाला की मूस फोडायची. चालुक्य राजा सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातल्या संस्कृत ग्रंथात हीच रीत सांगितली आहे; मेणाला तिथे मधूच्छिष्ट म्हटलंय. दोन्ही परंपरा आपापल्या जागी वाढल्या, पण अडचण दोघींचीही तीच: मूस फुटते, म्हणून एका मुशीतून एकच मूर्ती निघते. एकसारखी दिसणारी दोन मस्तकंही दोन वेगळी कामं असतात.

एडो भाषेत आठवण ठेवण्यासाठी जो शब्दप्रयोग आहे, त्याचा शब्दशः अर्थ ‘पितळेत आकृती ओतणं’ असा होतो. मला या साऱ्या विषयाची किल्ली इथे दिसते. लेखी इतिहास नसलेल्या दरबारात ओतारी हा बखरकारही होता. लढाई जिंकली, परका दूत आला, नवा विधी सुरू झाला, की राजा ते ओतून घ्यायचा. ओतलं म्हणजे लक्षात राहिलं.

त्यासाठी पितळच का? पितळ गंजून झडून जात नाही, म्हणून ते अखंड राजेपणाचं रूप. शिवाय घासलेल्या पितळेची तांबूस लकाकी एडो लोकांना सुंदर वाटायची आणि भीतिदायकही. लाल रंग वाईट शक्तींना पळवतो, ही त्यामागची धारणा. पोवळंही लालच. पितळ आणि पोवळं एकत्र आलं की राजाचं तेज दुप्पट होतं.

आणि पितळ सगळ्यांसाठी नव्हतं. वंशवेदीवर, म्हणजे पूर्वजांच्या पूजेच्या वेदीवर, पितळी मस्तक असायचं ते ओबाचं आणि राजमातेचं. सरदारांच्या वेदीवर लाकडी मस्तक. ओताऱ्यांच्या स्वतःच्या वेदीवर, परंपरेनुसार, भाजलेल्या मातीचं. आयुष्यभर ज्यांच्या हातून पितळ वाहिलं, त्यांच्या पूर्वजांना माती. हे वाचल्यापासून माझ्या मनातून जात नाही. मातीशिवाय मूस होत नाही हे खरं, तरी जात नाही.

मस्तक, वरून खाली

एडो धारणेत माणसाचं नशीब, बुद्धी आणि आयुष्य चालवायची ताकद डोक्यात असते. माणसाचं डोकं त्याच्या घराचा भार वाहतं, तर ओबाचं डोकं अख्ख्या राज्याचा. म्हणून वेदीवर मस्तक ठेवायचं. दरवर्षी होणाऱ्या इगुए उत्सवातही ओबाच्या दैवी शक्तीला नवं बळ दिलं जातं.

टाळूचं भोक कशासाठी, तर हस्तिदंतासाठी. कोरीव काम केलेला आख्खा सुळा या भोकात उभा करायचे. म्हणजे मस्तक वेदीवर एकटं कधीच नसायचं. त्यातून वर झेपावणारा पांढरा सुळा हा त्याचाच भाग. पांढरा रंग शुद्धतेचा आणि शांततेचा. मारलेल्या प्रत्येक हत्तीचा एक सुळा ओबाचा आणि दुसरा विकत घ्यायचा पहिला हक्कही त्याचाच, त्यामुळे सुळा म्हणजे राजाची श्रीमंतीही. संग्रहालयातलं सुळ्याविना मस्तक मला नेहमी अर्ध्यावर तोडलेल्या वाक्यासारखं वाटतं.

बाहुल्यांतलं लोखंड नजर रोखण्यासाठी. लोखंडाचा देव ओगुन, त्यामुळे लोखंड आलं की त्याची धारही आली. ही नजर सामान्य माणसाची नाही, ती या लोकातून पलीकडच्या लोकात बघते. भुवयांवर उभे वण असतात. ते मोजावेत: एडो पुरुषाला प्रत्येक डोळ्यावर तीन, बाईला चार.

आता पोवळं. दंतकथा सांगते की पंधराव्या शतकातल्या ओबा एवुआरेनं समुद्रदेव ओलोकुनच्या महालातून पोवळ्याचे मणी आणले. ओलोकुन हा पाण्याचा आणि संपत्तीचा देव, पाण्याखालचा राजा. ओबा जमिनीवरचा. पोवळं समुद्रातून येतं, म्हणून जमिनीवरच्या राजाच्या गळ्यात पाण्यातल्या राजाची खूण. आपल्याकडे राजा बोले, दळ हाले म्हणतात. एडो धारणा त्याच्याही पुढे जाते: पूर्ण पोवळी साज चढवलेला ओबा जे बोलेल ते घडतंच. मण्यांचे सर ओठांपर्यंत का आले, हे इथे कळतं. गळा मण्यांनी भरलाय आणि शब्द थेट त्या मण्यांवरून बाहेर पडतोय.

काळाप्रमाणे हे मणी वाढत गेले. जुनी समजली जाणारी मस्तकं पातळ ओतलेली, गळ्यात मोजके सर. नंतरची जाड, वजनदार, मणी तोंडापर्यंत आलेले, खाली रुंद कड आणि त्या कडेवर बिबट्या, मासा, हत्तीची सोंड. एकोणिसाव्या शतकात ओबा ओसेमवेंडेनं मुकुटाला दोन बाजूंनी पंखांसारखे भाग जोडले. ते पंख दिसले की मस्तक त्याच्या काळातलं किंवा नंतरचं. पातळ ते जाड असा कालक्रम बहुतेक अभ्यासक मानतात, काही मानत नाहीत.

चेहरा मात्र कोणाचाच नाही. सगळी मस्तकं भरल्या तारुण्यातली, सारख्याच ठेवणीची. ओबा म्हातारा होऊन गेला असला तरी मस्तक तरुणच. आपल्या देव्हाऱ्यातल्या टाकांचा विचार केला की यात काही खटकत नाही. टाकावरचा चेहरा खरंच खापरपणजोबांसारखा आहे का, असं कोणी विचारत नाही. तो टाक त्यांचा आहे, एवढं घराला माहीत असतं.

बिबट्या, मासा, अजगर

ओबाला ‘घरातला बिबट्या’ म्हणतात. बेनिनच्या घनदाट जंगलाचा राजा बिबट्या. देखणा, वेगवान, जीव घेणारा आणि तरीही स्वतःवर ताबा असलेला. माणसाचा जीव घ्यायचा अधिकार राज्यात फक्त ओबाला होता, म्हणून जीव घेणारं हे जनावर त्याचं रूप. बिबटे पकडणाऱ्या शिकाऱ्यांचा वेगळा संघ होता आणि माणसाळवलेले बिबटे महालात ठेवलेले असत. पितळी बिबट्याच्या आकाराची जलपात्रं ओबाच्या विधींसाठी बनत. डोक्यावरच्या झाकणातून पाणी भरायचं, ते नाकपुड्यांतून बाहेर यायचं आणि त्या पाण्यानं ओबा हात धुवायचा. जंगलाच्या राजाच्या श्वासाच्या जागेतून पाणी घेऊन नगराचा राजा शुद्ध होतो. एवढ्या लहान कृतीत केवढा अर्थ भरलाय!

सरदार कमरेला बिबट्याच्या तोंडाचं पितळी पदक लावायचे आणि लढवय्यांच्या गळ्यात बिबट्याच्या दातांची माळ असायची. पण तो मान ओबाकडून मिळालेला. बिबट्या ओबाचाच, सरदारांना त्याची नुसती सावली.

मासा जास्त गुंतागुंतीचा आहे. मांगरासारखा मिशाळ, चिखलात राहणारा. पाणी आटलं तरी तो तग धरतो, काही जाती ओल्या जमिनीवरून सरपटतात. जो पाण्यातही जगतो आणि पाण्याबाहेरही, तो ओबासारखा: एक पाय माणसांच्या जगात, दुसरा ओलोकुनच्या. काही मूर्तींत तर ओबाच्या पायांच्या जागी दोन मासेच असतात आणि दोन्ही हातांत शेपटीला धरलेले बिबटे. याची एक कथा आहे. ओबा ओहेनचे पाय लुळे पडले. धडधाकट नसलेला राजा गादीवर राहू शकत नव्हता, म्हणून तो दरबार भरायच्या आधीच येऊन बसायचा आणि सगळे गेल्यावर उठायचा. एका वरिष्ठ सरदारानं लपून हे पाहिलं, ओबानं त्याला मारवलं आणि त्यातून ओबावर संकट आलं. कथा इथे थांबते, पण मूर्ती तिला वेगळंच वळण देते: पाय गेलेले नाहीत, ते ओलोकुनचे झालेत. राजाचं वैगुण्य आणि राजाचं देवपण एकाच आकारात ओतलेलं मला दुसरीकडे कुठे आढळलेलं नाही.

अजगर ओलोकुनचा निरोप्या. महालाच्या छपरावर उंच मनोरे होते, त्यांवर पंख पसरलेला पितळी पक्षी आणि तिथून डोकं खाली करून उतरणारा भलामोठा पितळी अजगर. मोकळ्या अंगणातून येणाऱ्याला कळायचं की इथे पाण्यातला आणि जमिनीवरचा, दोन्ही राजांचा कायदा चालतो. त्या अजगरांची काही डोकी आजही उरली आहेत, शरीराचे तुकडे वेगवेगळ्या ठिकाणी.

खांबांवरचा दरबार

मस्तकांइतकेच प्रसिद्ध आहेत ते पितळी पत्रे. सोळाव्या आणि सतराव्या शतकात ओतलेले आणि महालाच्या खांबांवर खिळ्यांनी ठोकलेले. १६६८ साली आम्स्टरडॅमला छापलेल्या ओल्फर्ट डापर याच्या आफ्रिकावर्णनात महालातले लाकडी खांब वरपासून खालपर्यंत ओतीव धातूनं मढवलेले आहेत आणि त्यावर लढायांचे प्रसंग आहेत, असं लिहिलंय. डापर स्वतः तिकडे गेला नव्हता, पण ऐकलेली माहिती खरी निघाली. आज असे ८०० हून जास्त पत्रे माहीत आहेत.

ते वाचायची पहिली खूण म्हणजे माप. मधला माणूस सगळ्यात मोठा, कारण तो सगळ्यात महत्त्वाचा. जवळ-लांबचा हिशेब नाही, पदाचा हिशेब आहे. ओबा मधे असेल तर दोन्ही बाजूंचे सेवक त्याचे हात धरून असतात. पोवळ्याच्या साजाचं वजन भारी, हे एक कारण. दुसरं कारण खोल आहे: राजा इतरांच्या आधारावर उभा असतो, हे दरबारानं स्वतःच्याच खांबांवर कबूल करून ठेवलंय. मागची रिकामी जागा मात्र रिकामी नसते. तिथे चार पाकळ्यांची पानं कोरलेली असतात. ती ओलोकुनच्या पूजेतली नदीकाठची पानं. म्हणजे प्रत्येक लढाई, प्रत्येक दरबार पाण्याच्या पडद्यावर घडतो.

काही पत्र्यांच्या कोपऱ्यांत लांब केसांची, टोकदार नाकांची डोकी दिसतात. ते पोर्तुगीज. पंधराव्या शतकाच्या अखेरीस ते समुद्रावरून आले आणि त्यांच्याबरोबर नालेच्या आकाराची पितळी कडी, मॅनिला. मिरी, हस्तिदंत, कापड आणि माणसंसुद्धा या कड्यांच्या मोलावर घेतली गेली. गुलामांच्या बाजारातला हा धातू इगुनच्या मुशीत वितळला, हे न लपवता सांगायला हवं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या रासायनिक अभ्यासात त्या कड्यांचा धातू जर्मनीतल्या ऱ्हाईन नदीच्या भागातला निघाला. पण एडो ओताऱ्यानं पोर्तुगिजालाही आपल्याच भाषेत बसवलं: तो पाण्यावरून आला, धन घेऊन आला, रंगानं फिका, म्हणजे ओलोकुनच्या बाजूचा. म्हणून परक्याचा चेहरा राजाच्या वैभवाची खूण झाला.

इडिया आणि खोटा ठरलेला पक्षी

सोळाव्या शतकाच्या सुरुवातीचा ओबा एसिगी. इगाला राज्याशी लढायला निघाला तेव्हा एका पक्ष्यानं अशुभ ओरडून अपयशाचं भाकीत केलं. एसिगीनं पक्षी मारला, लढाईवर गेला आणि जिंकून आला. मग त्यानं ओताऱ्यांना तो पक्षी पितळेत ओतायला सांगितलं. पितळी पक्षी बसवलेल्या काठ्या घेऊन सरदार उत्सवात चालतात आणि पक्ष्याच्या चोचीवर धातूच्या दांड्यानं ठोकतात. भाकितापेक्षा ओबाचा शब्द मोठा, हे दर ठोक्याला पुन्हा सांगितलं जातं.

त्या लढाईत एसिगीची आई इडिया हिनं आपल्या मंत्रशक्तीनं त्याला साथ दिली, असं मानतात. तिच्यासाठी त्यानं इयोबा, म्हणजे राजमाता, हे पद निर्माण केलं आणि तिला वेगळा महाल दिला. राजमातेचं पितळी मस्तक लगेच ओळखू येतं: केस पुढे झुकलेल्या उंच शंकूसारखे बांधलेले, वरून पोवळ्याची जाळी. त्या केशरचनेला ‘कोंबडीची चोच’ म्हणतात. राजमातेच्या वेदीवर पितळी कोंबडाही असतो. बाईच्या वेदीवर कोंबडा कसा? कारण इयोबाला सरदारांच्या बरोबरीचा मान होता, दरबारात पुरुषांच्या जागी बसणारी ती एकटी. असा एक कोंबडा केंब्रिजच्या जीझस कॉलेजमध्ये होता, तो ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांनी परत केला.

जे मस्तक सांगत नाही

ओबा वारला की नव्या ओबाचं पहिलं मोठं काम म्हणजे वडिलांची वेदी उभारणं. महालात प्रत्येक दिवंगत ओबाची वेदी वेगळी. तिच्यावर मस्तकं, सुळे, घंटा, काठ्या. घंटा वाजवून पूर्वजाला हाक मारायची, काठी जमिनीवर आपटायची, आणि तो येतो. हे मस्तक कोणाचं, हे चेहऱ्यावर लिहायची गरज नव्हती. कोणत्या वेदीवर आहे, यावरूनच ते कळायचं.

जानेवारी १८९७ मध्ये जेम्स फिलिप्स या ब्रिटिश अधिकाऱ्याची तुकडी, येऊ नका असं सांगूनही, बेनिनकडे निघाली आणि वाटेत मारली गेली. फेब्रुवारीत ब्रिटिश सैन्यानं शहर घेतलं. महाल लुटला, शहराला आग लागली. ओबा ओवोनरामवेन यांना कालाबारला हद्दपार केलं. १९१४ साली ते तिथेच वारले. वेद्यांवरची मस्तकं, खांबांचे पत्रे, सुळे जहाजांतून लंडनला गेले आणि तिथून विक्रीला. डिजिटल बेनिन या प्रकल्पानं २०२२ मध्ये अशा ५ हजारांहून जास्त वस्तूंची नोंद केली, २० देशांमधल्या संस्थांत विखुरलेल्या.

कोणतं मस्तक कोणत्या वेदीवरून उचललं, याची नोंद लुटणाऱ्यांनी ठेवली नाही. मस्तकाच्या मण्यांवरून काळ सांगता येतो, पंखांवरून शतक सांगता येतं, डोळ्यांवरच्या वणांवरून पुरुष की स्त्री तेही कळतं. नाव सांगता येत नाही, कारण ते जागेत होतं आणि जागा मोडली. आठवणीसाठीच ओतलेल्या धातूतून नेमकी ती आठवण काढून घेतली गेली.

१९१४ साली ओवोनरामवेन यांचे पुत्र एवेका दुसरे गादीवर आले आणि महाल, वेद्या, ओताऱ्यांचं काम पुन्हा उभं राहिलं. २०१६ पासून एवुआरे दुसरे ओबा आहेत. गेल्या काही वर्षांत जर्मनी, नेदरलँड्स आणि इतर काही ठिकाणांहून पितळी वस्तू किंवा त्यांची मालकी परत मिळू लागली आहे. पण त्याच्या कितीतरी आधी, १९३८ साली, १८९७ च्या त्या ब्रिटिश मोहिमेतल्या एकाच्या मुलानं ओबा अकेन्झुआ दुसरे यांना काही वस्तू परत केल्या होत्या. त्यांत पितळ नव्हतं. दोन मुकुट आणि एक अंगरखा होता, तिन्ही पोवळ्याचे.